लिंबाखालची चार हात जागा

श्री भैरवनाथ यात्रा समिती
मु. पो. करंजवाडी (खर्ड्याजवळ), ता. जामखेड, जि. अहिल्यानगर
३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
सौ. मनकर्णा सूर्यभान येळवंडे
सोनई, ता. नेवासा

विषय : चैत्र यात्रेत खाद्यपदार्थ विक्रीच्या परवान्याबाबत

महोदया,

आपण दरवर्षी आमच्या यात्रेत गोडीशेव, रेवडी व शेरणीचा गूळ यांचे दुकान लावता. यंदापासून परवान्याशिवाय कोणासही दुकान लावू दिले जाणार नाही. सबब अन्न नोंदणी प्रमाणपत्र, आरोग्य तपासणीचा दाखला, वजनकाट्यावर चालू वर्षाचा शिक्का व जागामालकाचे संमतीपत्र जोडून ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज करावा. तोंडी अथवा फोनवर केलेली विनंती विचारात घेतली जाणार नाही. सर्व पत्रव्यवहार लेखी असावा, ही विनंती.

आपला,
समर्थ रंगनाथ सुरवसे
सचिव


सोनई
११ फेब्रुवारी २०२५

चि. समर्थ यास मनकर्णाआत्याचे आशीर्वाद. रागात देते आहे, पण देते आहे.

तुझा कागद पोचला. तुझ्या मामांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, पाकीट हातात घेतलं आणि खाटेवर बसले. म्हणाले, "कोर्टाचा कागद दिसतोय, कुनाला मारलंस का काय?" मी म्हटलं, भाच्याचा हाय. ते म्हणाले, "मंग कोर्टाचा बरा."

जन्मात पहिल्यांदा तू मला 'आपण' म्हणालास. महोदया म्हणालास. 'आमच्या यात्रेत' असंही लिहिलंस. अरे, मी त्या गावची लेक. तू तिथं जन्मलास, तशीच मीही तिथंच जन्मले, तुझ्या आधी. तुझ्या बापाला कडेवर घेऊन मी त्या जत्रेत फिरले आहे. तू झालास तेव्हा रंगाने नवस फेडला, त्या शेरणीचा गूळ माझ्याच काट्यावर तोलला आणि अख्ख्या जत्रेत मूठमूठ वाटला. तुझ्या नावाचा गूळ ज्यांनी खाल्ला ते आज तुझ्या समितीत बसून मला दाखले मागतात.

आता लिंबाखालच्या जागेचं. आमचे आप्पा गेले तेव्हा रंगाने मला जामखेडला नेलं आणि हक्कसोडीवर सही घेतली. मी केली. बहिणीने माहेरची जमीन मागायची नसते, मागितली तर माहेर तुटतं, असं ऐकतच वाढलो आम्ही. सही झाल्यावर रंगा म्हणाला, "आक्का, शेत माझ्या नावावर झालं. पन देवळासमोर आपल्या बांधावरचा लिंब हाय, त्याच्याखालची चार हात जागा जत्रंपुरती तुझी. मी हाय तवर बी आन् नसलो तरी बी." तेव्हापासून मी तिथं बसते. मी गुळाच्या पैशासाठी येते असं तुला वाटत असेल तर वाटू दे. सोनईत माझं बरं चाललं आहे. माझ्या माहेरात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे, म्हणून येते.

पण तू कागद मागितलेस ना, कागद देईन. एकेक देईन, शिक्क्यासह देईन. आणि लेखी म्हणालास ना, आता लेखीच. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

सुमनवहिनीला सांग, पाठवलेले सांडगे मिळाले का ते तिनेही लेखीच कळवावं.

आत्या


करंजवाडी
२० फेब्रुवारी २०२५

ती. मनकर्णाआत्यास सा. न.

तू खरंच फोन उचलत नाहीस. तीनदा... जाऊ दे, लेखी तर लेखी.

आत्या, तो कागद सगळ्यांनाच गेला. बांगडीवाल्यांना गेला, पाळणेवाल्यांना गेला. मजकूर एकच होता, नावं तेवढी बदलली. तुला वेगळा काढला असता तर गावाने मलाच धरलं असतं, की स्वतःच्या आत्याला सोडलं. शेजारच्या तालुक्यात एका जत्रेत बासुंदी खाऊन माणसं दवाखान्यात गेली, तेव्हापासून वरून कडक आहे. उद्या काही झालं तर सचिव म्हणून आधी मला उचलतील.

आणि खरं सांगू का, तुला आता या वयात कशाला ती भट्टी? चैत्राचं ऊन, धूर, गर्दी. यंदा तू पाहुणी म्हणून ये. पूजाच्या माहेरची मंडळी नगरहून पहिल्यांदाच जत्रेला येणार आहेत. तू घरात बस, त्यांच्याशी बोल, पुरणपोळी खा, साडीचोळी घेऊन जा. लेकीला माहेरी काम करावं लागू नये, असंच मला वाटतं.

सांडगे मिळाले. आई म्हणते, मिरची जरा जास्त झाली.

तुझा,
समर्थ


सोनई
६ मार्च २०२५

चि. समर्थ,

कळलं रे बाबा, सगळं कळलं. पूजाच्या माहेरची माणसं येणार. ती नगरची, शिकलेली, गाडीतून उतरणार. समोर लिंबाखाली जावयाची आत्या भट्टीपुढं फतकल घालून बसलेली, घामाने पदर ओला, हातात झारा. कुणी विचारलं 'ह्या कोण' तर तू काय सांगणार? म्हणून मला पाहुणी करून घरात बसवतोस. साडीचोळीत गुंडाळून. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली तुझी प्रतिष्ठा. पूजा पोर चांगली आहे, तिला माझी लाज वाटणार नाही. तुला वाटते.

असो. आरोग्याचा दाखला झाला. सरकारी दवाखान्यात रांगेत बसले. डॉक्टरीणबाई तरणीताठी पोर. तिने रक्त घेतलं, नखं पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ पाहून म्हणाली, "आजी, काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "तरास भाच्याचा हाय. त्याच्यावर गोळी असंल तर द्या." ती हसत बसली आणि बाहेरची रांग ओरडायला लागली. दाखल्यावर लिहिलं आहे, संसर्गजन्य आजार नाही. तुझ्या समितीतल्या किती जणांकडे असा दाखला आहे ते एकदा विचार.

काट्याचं मात्र नीट झालं नाही. वजनमापंवाल्यांचा साहेब गावात येतो तो दिवस मी चुकवला, कारण तुझ्या मामांनी मला त्याच्या येण्याचा वार सांगितला तो भलताच निघाला. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. आता नगरलाच जाऊन शिक्का मारून आणीन. अन्न नोंदणीही तिथंच करून घेते. ती म्हणे सगळी मोबाईलवर होते आणि मोबाईलवर आकडे येतात ते लगेच सांगावे लागतात. मला ते जमायचं नाही. सृष्टीकडे केडगावला चार दिवस राहीन. तुझी बहीण आहे ती, माझी भाची आहे, आणि ती माझा फोन उचलते.

मामांचे आशीर्वाद. ते म्हणतात, "सोडून दे, आपलेच दात आपलेच ओठ." मी म्हटलं, दात त्याचे हायेत, ओठ माझा फुटलाय.

आत्या


करंजवाडी
१७ मार्च २०२५

ती. आत्यास,

तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. मला तुझी लाज वाटते? शाळेत असताना मित्रांना घेऊन तुझ्या दुकानापाशी कोण उभं राहायचं? गोडीशेव म्हणजे माझ्या आत्याची, असं मी कॉलेजात सांगत असे. पूजाला लग्नाआधी पहिली भेट मी तुझ्या रेवड्यांची दिली होती, तिला विचार.

तू समजून घेणार नाहीस, म्हणून मी सांगत नव्हतो. आता सांगतो. लिंबाखालची जागा यंदा समितीने शेरणी-केंद्रासाठी घेतली आहे. जामखेडच्या हर्षलचं मिठाईचं दुकान आहे, तो माझा मित्र. तो बंद पाकिटात शेरणी आणणार, पाकिटावर देवाचा फोटो, तारीख, सगळं. त्याबदल्यात तो देवळापुढचा मांडव आणि दिवाबत्ती करून देणार आहे. गावाचा फायदा आहे. सगळ्यांनी हात वर केले. जागा आपली म्हणून मी 'हो' म्हणालो.

त्यामुळे तुझे बाकी कागद झाले तरी जागामालकाची संमती तुला मिळणार नाही. जागामालक मी आहे आणि मी शब्द देऊन बसलो आहे. बापूंनी तुला तोंडी काय सांगितलं ते मी ऐकलेलं नाही. आणि आत्या, राग मानू नकोस, पण तू स्वखुशीने हक्कसोड केलेली आहे. कायद्याने त्या जमिनीत तुझं काही नाही.

देवळाच्या मागे, गाडीतळाजवळ तुला जागा देतो. तिथं सावली नाही, पण मी कापड बांधून देईन.

समर्थ


मुक्काम केडगाव, सृष्टीच्या घरी
२९ मार्च २०२५

समर्थ,

तुझं पत्र तुझ्या मामांनी सोनईहून इकडं पाठवलं. काट्यावर शिक्का मारून घेऊन आले आणि दारातच वाचलं.

लाजेचं मी चुकीचं लिहिलं. तुला लाज वाटत नव्हती, तू सौदा केला होतास. लाज वाटली असती तर मी माफ केलं असतं.

'कायद्याने तुझं काही नाही.' हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला का रे? खरंच विचारते आहे. मी ते वाचलं आणि सृष्टीच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. आप्पा गेले तेव्हा रडले होते, रंगा गेला तेव्हा रडले होते. माहेर गेलं म्हणून रडायची वेळ पहिल्यांदाच आली.

स्वखुशीने म्हणतोस. सही केली त्या दिवशी आमच्या आईने पुरण घातलं होतं. सही कर आणि मग जेवायला बसू, असं होतं. कुणी मला दम दिला नाही, कुणी हात धरला नाही. फक्त 'तुला हवंय का' असं कुणी विचारलं नाही. माझ्याही मनात ते आलं नाही. याला स्वखुशी म्हणत असतील तर म्हणा.

गाडीतळाजवळ मी बसणार नाही. मी जत्रेला येणार, भट्टी आणणार आणि लिंबाखाली लावणार. तुझ्या समितीने उचलून बाहेर टाकायचं तर टाकावं. गावच्या लेकीला गावच्या देवापुढून गाव उचलताना सगळ्या जत्रेला बघू दे. हर्षलचे दिवे असतीलच, लख्ख दिसेल.

मनकर्णा


केडगाव
४ एप्रिल २०२५

दादा,

पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आत्या म्हणाली फोनवर तू मला गप्प करशील. बरोबर आहे, करतोसच.

आत्या पाडव्याला माझ्याकडेच होती. गुढी उभारली, जेवण झालं, आणि ती भांडी घासत बसली. मी नको म्हटलं तरी घासत राहिली. शेवटी तिने तुझं पत्र माझ्या पुढ्यात टाकलं.

मी ते वाचलं. 'जागामालक मी आहे' असं तू लिहिलंस. मी ती ओळ परत वाचली, कारण मला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचते आहे. बापू गेल्यावर वारस म्हणून आई, तू आणि मी अशी तिघांची नावं लागली. तलाठ्याकडे तूच मला घेऊन गेला होतास. माझी हक्कसोड अजून व्हायची आहे. तुला वाटलं असेल झाल्यासारखीच आहे, सृष्टी काय, बोलावलं की येईल आणि सही करेल. दादा, मलाही तसंच वाटत होतं. तुझं पत्र वाचेपर्यंत मी स्वतःला मालक समजतच नव्हते.

काल मी सुट्टी टाकून करंजवाडीला येऊन गेले. घरी आले नाही, त्याबद्दल आईला सॉरी सांग. ग्रामपंचायतीत आत्याचा अर्ज दिला. जागामालक म्हणून संमतीपत्रावर मी सही केली. ग्रामसेवकांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "सचिवसाहेबांची पन हाय एक, मिठाईवाल्याला दिलेली. आता दोन झाल्या." मी म्हटलं मालकही दोन आहेत, आणि आई धरून तीन. मग ते म्हणाले की सहहिस्सेदाराची संमती असल्यावर मला नाही म्हणता येत नाही, तुमच्या भावाची हरकत असेल तर त्यांनी लेखी द्यावी.

तर तुला हरकत असेल तर दे. त्यात तुला लिहावं लागेल की माझ्या बहिणीचा या जमिनीवर हक्क नाही. लिहू शकत असशील तर लिही.

तुझी,
सृष्टी


करंजवाडी
१० एप्रिल २०२५

ती. आत्यास,

सृष्टीला भरीस घातलंस हे बरं केलं नाहीस. आमच्या घरात आजवर भावा-बहिणीत शब्द नव्हता. मी हर्षलला काय तोंड दाखवू? पूजाच्या माहेरच्यांपुढं हे निघालं तर?

मी हरकत दिलेली नाही. लिहायला बसलो होतो. आई समोर येऊन बसली आणि मी काय लिहितो ते बघत राहिली. मी कागद बाजूला ठेवला.

तुला परवाना मिळेल. पण हर्षलही तिथंच बसणार, त्याचाही परवाना आहे. एका झाडाखाली दोन दुकानं. लोक हसतील.

समर्थ


सोनई
२८ एप्रिल २०२५

चि. सृष्टी हिस मनकर्णाआत्याचे भरभरून आशीर्वाद.

तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून जत्रा हुकली. म्हणून सगळं सांगते, नाहीतर तुझा दादा त्याच्या परीने सांगेल.

सकाळी कावडी येण्याआधीच टेम्पोतून भट्टी उतरवली. लिंबाखाली हर्षलने आधीच मोठं टेबल मांडलं होतं, वर झालर, पाकिटांची चळत. माझ्यासाठी कडेला जेमतेम चार हात ठेवले होते. मी म्हटलं, तेवढेच माझे आहेत, जास्त नको. सगळे दाखले सुतळीने लिंबाला बांधले. अन्न नोंदणीवरचा माझा फोटो बघायला बायका यायला लागल्या. तुमच्या सेतूवाल्याने हसू नका म्हटलं होतं, त्यामुळे फोटोत मी तुरुंगातून सुटल्यासारखी दिसते.

हर्षलच्या माणसाने हवालदाराला आणलं. "हे केंद्र समितीचं हाय, ही बाई बेकायदा बसलीय." हवालदाराने लिंबाला बांधलेलं सगळं वाचलं. मग टेबलावरचं वाचलं. म्हणाला, "हिचे कागद बी बरोबर, तुमचे बी बरोबर. घरातलं घरात मिटवा, जत्रंत कशाला आनताय?" आणि माझ्याकडची गरम शेव घेऊन गेला. मी त्याच्याकडून पैसे घेतले. फुकट दिली असती तर उद्या तुझा दादा म्हणाला असता, लाच दिली.

हर्षलचं पाकीट वाईट नव्हतं. चव घेऊन पाहिली, गूळ चांगला होता. पण सृष्टी, शेरणी अशी पाकिटातून वाटता येत नाही गं. नवसाच्या माणसाने ओच्यात गूळ घ्यायचा, मूठ भरायची आणि समोर येईल त्याच्या हातावर ठेवायची, जात-गोत न बघता. एका पोराने पाकिटं वाटायला घेतली तर लोकांनी ती खिशात घातली. कुणी तिथं खाईना, कुणी देवाचं नाव घेईना. दोन-चार जणींनी ते पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. त्यात बहुतेक गावच्या लेकी होत्या, बाहेर दिलेल्या, माझ्यासारख्याच जत्रेपुरत्या आलेल्या. आमच्या गप्पांत तुझी सही निघाली. एक म्हणाली, "माझ्या बी भावानं बोलावलंय, जत्रा झाली की जायचंय तलाठ्याकडं." पण तिथून हलली नाही ती, बसून राहिली.

दुपारी गर्दी इतकी झाली की मला पाकाकडे बघता येईना. एका हाताने तोलत होते, दुसऱ्याने झारा. तेवढ्यात मागून कुणीतरी झारा काढून घेतला. बघते तर सुमनवहिनी. डोक्यावर पदर, नव्या साडीत, पूजाच्या माहेरची माणसं घरात बसलेली सोडून आलेली. माझ्याकडे पाहिलंही नाही तिने. म्हणाली, "वन्सं, पाक कडक व्हायलाय. सरा तिकडं." आणि बसली भट्टीपुढं, साऱ्या गावासमोर, समितीसमोर, लेकासमोर. समर्थ मांडवात पाहुण्यांचे सत्कार करत होता. माईकवर नाव घेता घेता त्याची नजर इकडं गेली आणि पुढचं नाव तो विसरला. हे मी डोळ्याने पाहिलं आहे.

मग पूजाची आईच आली. मला वाटलं आता बोलणार काहीतरी. तिने शेवेचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि वहिनीला म्हणाली, "ही तुम्ही घरीच करता? आमच्याकडे मिळत नाही अशी." वहिनी म्हणाली, "आमच्या वन्सं करत्यात." एवढंच. पण मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

छबिना निघायच्या आत माझी परात रिकामी झाली. हर्षलची पाकिटं राहिली. बिचाऱ्याने मांडव चांगला घातला होता. भांडण माझं त्याच्याशी नव्हतंच.

समर्थ माझ्याकडे आला नाही. मीही हाक मारली नाही. निघताना वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. तुझ्या वाट्याची गोडीशेव मामांबरोबर पाठवते आहे.

तुझी,
आत्या


करंजवाडी
६ मे २०२५

ती. मनकर्णाआत्यास सा. न.

झालं गेलं भैरवनाथाला वाहिलं. जत्रा नीट पार पडली. कुणाचं पोट दुखलं नाही, आणि तुझं दुकान चाललं. समितीतही आता बरेच जण म्हणतात की शेरणी उघडीच बरी. मी चुकलो असेन तर लहान समजून सोडून दे.

पुढच्या वर्षीपासून लिंबाखालची जागा तुझीच. बापूंसारखं तोंडी नाही, मी लिहून देतो. स्टॅम्पपेपरवर देतो. तू आहेस तोवर जत्रेचे दिवस ती जागा तुझी, सही माझी. मग तर झालं?

आता एक काम तुझ्याकडे आहे. सृष्टीच्या हक्कसोडीसाठी मी जामखेडला तारीख घेतली आहे. सोसायटीचं कर्ज, विहिरीचं अनुदान, सगळं तिच्या आणि आईच्या सहीवर अडलं आहे. सृष्टी फोनवर 'बघू' म्हणते. आई म्हणते, "तिची झाल्यावर माझी बघू." मी काही बहिणीला लुबाडत नाही आत्या, तू मला ओळखतेस. तिचं बाळंतपण, सणवार, काही कमी पडू देणार नाही. रीत आहे तशी करायची आहे. तूही केलीस, आजीने केली, गावात सगळ्यांनीच केली. कुणाचं वाईट झालं?

सृष्टी तुझं ऐकते. तू तिच्याकडे फक्त एक शब्द टाक.

तुझा,
समर्थ


सोनई
१४ मे २०२५

चि. समर्थ यास अनेक आशीर्वाद. या वेळी राग नाही.

जागा लिहून देतोस म्हणालास, ते वाचून बरं वाटलं. तुझ्या मनात मी आहे, हे मला ठाऊक होतं, पण कधीकधी ते कागदावर वाचावंसं वाटतं. मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, मिटलं." मी म्हटलं, पुढचं ऐका.

तू लुबाडणारा नाहीस. तुझा बापही नव्हता. त्याच्याइतका मायेचा भाऊ मी पाहिला नाही. माझ्या आजारपणात त्याने दुभती गाय विकली होती. आणि त्याच रंगाने मला सहीला नेलं, आणि सही झाल्यावर रस्त्यात मला उसाचा रस पाजला. माया आणि सही यांचं भांडण कुणाच्या डोक्यातच नव्हतं. म्हणून तर मला कधी त्याचा राग धरता आला नाही.

पण विचारतोस ना, कुणाचं वाईट झालं. माझं सांगते. मी सगळी जमीन सोडली आणि चार हात जागेची मालकीण झाले, तीही दुसऱ्याच्या शब्दावर. शब्द देणारा गेला आणि मी दाखले घेऊन दारोदार फिरले. आरोग्य दाखवलं, जीभ दाखवली, काटा दाखवला. सगळं पुरं होऊन शेवटी अडलं ते मालकाच्या संमतीवर. ती दिली कुणी? जिने अजून सही केली नव्हती तिने. तिने माझ्यासारखी केलेली असती तर मी गाडीतळाजवळ उन्हात बसले असते आणि तू कापड बांधून दिलं असतंस.

उद्या सृष्टीने सही केली, तर परवा तिलाही कुठल्यातरी लिंबाखाली तुझ्या लेकाची परवानगी मागावी लागेल. तो तुझ्याइतका मऊ निघेल याची हमी तू मला स्टॅम्पपेपरवर देशील का?

विहीर कर, कर्ज काढ, तिघं मिळून काढा. सही लागेल तिथं सृष्टी मालकीण म्हणून करील, तिने मला तसं सांगितलं आहे. ती तुझी विहीर अडवणार नाही. माझा तो जागेचा कागद मात्र तिघांच्या सहीने असेल तरच पाठव, एकट्याच्या सहीचा मी घेणार नाही.

एक शब्द टाक म्हणालास. तो मी टाकला. पत्र लिहायला बसण्याआधीच सृष्टीला फोन लावला आणि म्हटलं, पोरी, सही करू नको. माझ्या आईला हे सांगणारं कुणी नव्हतं. माझ्या आत्याला नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नाही. तुझ्या बहिणीला तिच्या आत्याने सांगितलं.

तुझीच,
मनकर्णाआत्या